प्रोसेसरला व्होल्टेज किती द्यावं?

असेम्बल केलेल्या पीसीला व्हिडिओ रेंडर करायला लावलं, की पंख्यांचा आवाज वाढतो आणि प्रोसेसरचं तापमान नव्वदीला टेकतं. मग कोणी मोठा कूलर घ्यायला सांगतं, तर कोणी कॅबिनेटला आणखी दोन पंखे लावायला. कूलरमध्ये धूळ अडकली असेल किंवा थर्मल पेस्ट वाळली असेल, तर आधी ते नीट करायलाच हवं. पण कूलर स्वच्छ आहे, हवा खेळती आहे आणि तरीही प्रोसेसर तापतो, असं असेल तर बायोसमधल्या एका आकड्याकडे लक्ष द्या : सीपीयू कोअर व्होल्टेज.

हा आकडा वाढवून वेग कमावण्याचे दिवस बरेचसे मागे पडले. आजचे प्रोसेसर आपला वेग आपणच शक्य तेवढा वर नेतात. घरच्या वापरकर्त्याला या आकड्याचा खरा फायदा मिळतो तो थोडा उतरवण्यात. वेग तोच राहतो किंवा किंचित वाढतो, वीज कमी लागते, पंखे शांत होतात आणि चिपवरचा ताणही कमी होतो. हे काम कोणालाही जमण्यासारखं आहे. त्यासाठी थोडा धीर हवा आणि प्रत्येक पायरीची नोंद हवी.

हा आकडा ठरवतं कोण?

पॉवर सप्लायकडून मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातल्या आठ पिनांच्या कनेक्टरला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरच्या कोअरना मात्र साधारण १ ते १.४ व्होल्टच लागतात. हे रूपांतर सॉकेटभोवतीचं व्हीआरएम करतं. मॉसफेट, चौकोनी चोक आणि कपॅसिटर यांची ही रांग बहुतेक बोर्डांवर धातूच्या हीटसिंकखाली असते. व्होल्टेज लहान असलं तरी करंट मोठा असतो. १.२ व्होल्टवर १२० वॅट घेणारा प्रोसेसर १०० अँपिअर ओढत असतो. म्हणूनच इथला सगळा हिशेब मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागात होतो.

किती व्होल्टेज हवं, ते प्रोसेसर स्वतः मागतो. या मागणीला व्हीआयडी म्हणतात. कुठल्या वेगाला किती व्होल्टेज लागेल, याचा हिशेब कारखान्यातल्या चाचणीनंतर चिपमध्येच नोंदवलेला असतो. एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात. एक १.१५ व्होल्टवर जे काम करते, त्याला दुसरीला १.२२ लागू शकतात. चिप काही वर्षं जुनी झाली, खोली तापली, तरी काम अडू नये म्हणून कंपनी त्या हिशेबात काही राखीव ठेवते. मदरबोर्ड बनवणारी कंपनीही अनेकदा आपल्या बाजूने थोडं चढवते, कारण तिच्या बोर्डावर कुठलीही चिप बसली तरी ती विनातक्रार चालायला हवी. 'ऑटो' या पर्यायात ही दोन्ही राखीवं एकावर एक चढलेली असू शकतात. तुमच्या चिपला त्या सगळ्याची गरज असेलच असं नाही. व्होल्टेज उतरवायला जी जागा मिळते, ती इथूनच.

थोड्या मिलिव्होल्टने एवढा फरक का पडतो?

प्रोसेसरला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.३० वरून १.२० वर आणलं, तर ते पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरतं. पण हा भाग जवळपास १५ टक्क्यांनी घटतो. तो ११० वॅट असेल तर ९४च्या घरात येतो. शिवाय काम नसतानाही चिपमधून जी वीज गळत असते, तीही व्होल्टेज आणि तापमान उतरल्यावर कमी होते. एक घटलं की दुसरंही घटतं.

एप्रिल-मे महिन्यांत अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कूलर किंवा एसी नसलेली खोली दुपारी चांगलीच तापते. प्रोसेसरचा कूलर खोलीच्या तापमानापेक्षा चिपला थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली, तर भारावरच्या प्रोसेसरचं तापमानही जवळपास तेवढंच चढतं. अशा ठिकाणी मुळात निर्माण होणारी उष्णताच कमी करणं हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

बायोसमधले पर्याय

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा आणि सोप्या मोडमधून ॲडव्हान्स्ड मोडमध्ये या. व्होल्टेजचा विभाग असूसमध्ये 'एआय ट्वीकर', एमएसआयमध्ये 'ओसी', गिगाबाइटमध्ये 'ट्वीकर' आणि ॲसरॉकमध्ये 'ओसी ट्वीकर' या नावाने सापडतो. आत 'सीपीयू कोअर व्होल्टेज' किंवा 'सीपीयू व्हीकोअर' अशी ओळ असते. तिथे साधारण हे पर्याय दिसतात.

'ऑटो' : सगळं बोर्ड आणि प्रोसेसर मिळून ठरवतात.

'मॅन्युअल', 'फिक्स्ड' किंवा 'ओव्हरराइड' : तुम्ही लिहाल तो एकच आकडा कायम राहतो. संगणक रिकामा असला तरी व्होल्टेज उतरत नाही. रोजच्या वापराला हा पर्याय गैरसोयीचा आहे. रायझनवर तर त्याने एका कोअरचा सर्वोच्च वेगही हातचा जाऊ शकतो, कारण त्या क्षणापुरतं लागणारं जास्त व्होल्टेज प्रोसेसरला मिळत नाही.

'ऑफसेट' : प्रोसेसर जे मागेल त्यातून ठरावीक मिलिव्होल्ट वजा करायचे किंवा त्यात मिळवायचे. मागणी वरखाली होते तसं व्होल्टेजही होतं. आपल्या कामाचा पर्याय हाच.

'ॲडॅप्टिव्ह' : हा इंटेलवर दिसतो. टर्बो वेगासाठी वेगळा आकडा देता येतो आणि सोबत ऑफसेटही लावता येतो.

ऑफसेट लावताना चिन्ह दोनदा वाचा. अनेक बोर्डांवर अधिक-उणे चिन्हाची ओळ वेगळी असते आणि ती आधीपासून 'अधिक'वर असू शकते. ०.०५० लिहिलं आणि चिन्ह बदलायचं राहिलं, तर व्होल्टेज ५० मिलिव्होल्टने उतरण्याऐवजी तेवढंच चढतं.

लिहिलेलं व्होल्टेज आणि पोचलेलं व्होल्टेज

शेतावर विहिरीची मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो. मदरबोर्डवरही तसंच होतं. करंट वाढला की प्रोसेसरपर्यंत पोचणारं व्होल्टेज खाली येतं. या उताराला लोडलाइन म्हणतात आणि तो मिलिओहममध्ये मोजतात. लोडलाइन १ मिलिओहम असेल आणि करंट १०० अँपिअर, तर १०० मिलिव्होल्ट उतरतात. रिकाम्या संगणकावर १.३० दिसणारं व्होल्टेज भारावर १.२० होतं, ते यामुळेच.

हा उतार मुद्दाम ठेवलेला असतो. जड काम अचानक थांबलं की करंट झपकन पडतो आणि व्होल्टेज क्षणभर उसळी घेतं. उतार असल्यामुळे ती उसळी धोक्याच्या पातळीखाली राहते. 'लोडलाइन कॅलिब्रेशन' हा पर्याय उतार कमी करतो. तो सर्वांत कडक पातळीवर ठेवला तर भारावरचा आकडा स्थिर दिसतो, पण उसळ्या मोठ्या होतात. आणि त्या इतक्या क्षणिक असतात, की तापमान-व्होल्टेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतच नाहीत. पातळ्यांचे क्रमही कंपनीगणिक उलटसुलट आहेत. असूसच्या बोर्डांवर मोठा आकडा म्हणजे जास्त कडक. एमएसआय आणि ॲसरॉकवर १ हीच सर्वांत कडक पातळी. गिगाबाइट आकड्यांऐवजी 'लो', 'मीडियम', 'हाय', 'टर्बो' अशी नावं देते. व्होल्टेज उतरवायचं असेल तर हा पर्याय 'ऑटो'वरच राहू द्या.

यातून लक्षात ठेवायचं ते असं : बायोसच्या पडद्यावरचं व्होल्टेज हे बिनभाराचं असतं. निर्णय घ्यायचा तो विंडोजमध्ये पूर्ण भार टाकून वाचलेल्या आकड्यावर. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. त्यात 'व्हीआयडी' आणि 'व्हीकोअर' अशा वेगळ्या ओळी असतात. पहिली मागणी दाखवते, दुसरी बोर्डाने मोजलेला पुरवठा. रायझनवर 'एसव्हीआय २' किंवा 'एसव्हीआय ३' असं लिहिलेली ओळ बघा. रायझनच्या ५००० मालिकेवर हलक्या कामात अधूनमधून १.४ ते १.५ व्होल्ट दिसले तर घाबरू नका. एखाददुसरा कोअर क्षणभर सर्वोच्च वेगाला जातो तेव्हा करंट कमी असतो आणि हे व्होल्टेज कंपनीने गृहीत धरलेलं असतं. सगळे कोअर भारावर असताना तोच आकडा दिसला, तर मात्र काहीतरी चुकलं आहे.

हात लावण्याआधी

एक : बायोस अद्ययावत करा. ते करताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएसवर करा. यूपीएस नसेल तर भारनियमनाच्या आणि वादळी पावसाच्या वेळा टाळा.

दोन : विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' सुरू असेल, तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि ती हाताशी नसेल तर स्वतःचाच डेटा उघडत नाही.

तीन : महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या. अस्थिर प्रोसेसर नुसता बंद पडत नाही; लिहिली जाणारी फाइलही बिघडवू शकतो.

चार : सीमॉस क्लिअर कसं करायचं ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघून ठेवा. पीसी सुरूच झाला नाही तर पॉवर सप्लाय बंद करून वायर काढायची, बोर्डावरच्या ठरावीक दोन पिना काही सेकंद स्क्रूड्रायव्हरने जोडायच्या, किंवा सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटं काढून ठेवायची. सगळ्या सेटिंग मूळ जागी येतात. कमी व्होल्टेजने चिप जळत नाही. फार तर पीसी सुरू होत नाही आणि या उपायाने पुन्हा सुरू होतो.

पाच : रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल सुरू असेल, तर आधी रॅमची चाचणी घेऊन ती निर्दोष असल्याची खात्री करा. रॅमची चूक आणि प्रोसेसरची चूक वरून सारखीच दिसते.

सहा : काहीही बदलण्याआधीची स्थिती नोंदवा. सिनेबेंच हा चाचणी प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा आणि गुण, सर्वोच्च तापमान, वॅट, भारावरचं व्होल्टेज व खोलीचं तापमान वहीत लिहा. हा आधार नसेल तर पुढे फायदा झाला की तोटा, ते कळणारच नाही.

रायझन : कर्व्ह ऑप्टिमायझर

उदाहरणासाठी नोव्हेंबर २०२०मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स घेऊ. आठही कोअर एकाच छोट्या चिपलेटवर असल्यामुळे तो तापट म्हणून ओळखला जातो. कागदावर १०५ वॅटचा असला तरी सॉकेटमधून त्याला १४२ वॅटपर्यंत घेण्याची मुभा आहे आणि त्याची तापमानमर्यादा ९० अंश आहे.

रायझन ५०००पासून साध्या ऑफसेटपेक्षा चांगला मार्ग उपलब्ध आहे, तो म्हणजे कर्व्ह ऑप्टिमायझर. बायोसमध्ये 'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह' उघडून 'ॲडव्हान्स्ड' निवडा. तिथे तो सापडतो. 'ऑल कोअर', चिन्ह 'निगेटिव्ह', आकडा १०, असं सुरुवातीला ठेवा. इथला एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. तेव्हा उणे १० म्हणजे ३० ते ५० मिलिव्होल्टची उतराई. सेव्ह करा, विंडोजमध्ये येऊन चाचणी घ्या. टिकलं तर १५, मग २०. बहुतेक बोर्डांवर ही मर्यादा ३० आहे. ती गाठण्याचा हट्ट धरू नका.

सगळ्या कोअरना एकच आकडा झेपत नाही. ज्या कोअरना प्रोसेसरने स्वतःच 'सर्वोत्तम' ठरवलेलं असतं, ते मुळातच कमी व्होल्टेजवर जास्त वेग घेत असतात. त्यांच्याकडे राखीव थोडं. ते उणे ८वर अडतात आणि बाकीचे उणे २५ सहज पेलतात, असं होऊ शकतं. वेळ असेल तर 'पर कोअर' निवडून प्रत्येकाला वेगळा आकडा द्या. वेळ नसेल तर सर्वांत नाजूक कोअरला जमेल तो आकडा सगळ्यांना लावा.

अनेकांची निराशा होते ती इथे : कर्व्ह ऑप्टिमायझर लावूनही तापमान हललं नाही. याचं कारण असं, की व्होल्टेज कमी झाल्याने जी वीज वाचली, ती रायझन वेग वाढवण्यात खर्च करतो आणि पुन्हा त्याच मर्यादेला जाऊन टेकतो. तापमान उतरवायचं असेल तर त्याच विभागातली 'पीपीटी' ही वीजमर्यादाही खाली आणा. ५८००एक्सला १४२ऐवजी ११० वॅट देऊन बघा. कमी व्होल्टेजमुळे एवढ्या विजेतही बराचसा वेग टिकतो आणि कूलरवरचा भार उतरतो.

इंटेल : आधी मुभा आहे का ते बघा

नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, उदाहरणार्थ झेड ६९० किंवा झेड ७९०, अशी जोडी असेल तर 'ॲडॅप्टिव्ह' निवडून उणे २५ मिलिव्होल्टपासून सुरुवात करा. टिकलं तर उणे ५०. त्यापुढे दहा-दहा मिलिव्होल्टनेच उतरा.

बी ६६० किंवा बी ७६० बोर्ड असेल तर गुणक बदलून वेग वाढवता येत नाही, मात्र व्होल्टेज उतरवण्याची सोय काही बोर्डांवर असते. एमएसआयवर ती 'सीपीयू लाइट लोड' या नावाने मिळते. त्याचा क्रमांक जितका कमी, तितकं व्होल्टेज कमी. एकेक क्रमांक खाली जा.

या बोर्डांवर एक फसगत संभवते. बाराव्या पिढीपासून इंटेलमध्ये सीईपी नावाचं संरक्षण आहे. मिळणारं व्होल्टेज अपेक्षेपेक्षा बरंच कमी आहे असं दिसलं, की ते प्रोसेसरचा प्रत्यक्ष वेग गुपचूप उतरवतं. पडद्यावर वेगाचा आकडा तसाच दिसतो, तापमान छान खाली येतं, पण सिनेबेंचचे गुणही कोसळतात. रायझनवरही व्होल्टेज फार कमी पडलं तर असाच प्रकार होतो. म्हणून एचडब्ल्यूइन्फोमधली 'इफेक्टिव्ह क्लॉक' ही ओळ बघा आणि प्रत्येक पायरीला गुण तपासा. तापमान उतरलं आणि गुणही उतरले, तर तो फायदा नव्हे. एक पायरी मागे या.

लॅपटॉपवर हा मार्ग बऱ्याचदा बंदच असतो. डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट हा हल्ला जाहीर झाला. बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की सॉफ्टवेअरने व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली ओढून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चूक घडवता येते आणि गुप्त किल्ल्या काढून घेता येतात. त्यानंतर आलेल्या बायोस अद्यतनांनी अनेक लॅपटॉपवरची ही सोय बंद केली. केवळ ती परत मिळावी म्हणून जुनं बायोस टाकू नका. त्याबरोबर सुरक्षेची भोकंही परत येतात.

चाचणी : जड भार आणि हलका भार

दहा मिनिटांचं सिनेबेंच उत्तीर्ण झालं म्हणजे काम झालं, हा सर्वांत मोठा गैरसमज. ती पहिली चाळणी. पुढे ओसीसीटी किंवा प्राइम ९५ निदान तासभर चालवा. या चाचण्या उत्तर तपासत जातात, त्यामुळे पीसी बंद न पडताही झालेली चूक पकडली जाते.

मग हलक्या भाराची पाळी. व्होल्टेज कमी केलेला पीसी बऱ्याचदा जड कामात टिकतो आणि ब्राउझर उघडताना, गाणी ऐकताना किंवा रात्री नुसता पडून असताना रिस्टार्ट होतो. जड कामात सगळ्या कोअरचा वेग मध्यम असतो. हलक्या कामात एखादाच कोअर सर्वोच्च वेगाला उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. कोअरसायक्लर हा मोफत प्रोग्रॅम एकेका कोअरला आळीपाळीने भार देतो आणि नेमका कुठला कोअर चुकला ते सांगतो. तो रात्रभर चालू द्या. त्यानंतर आठवडाभर नेहमीचं काम करा : स्लीपमध्ये टाका, उठवा, गेम खेळा, मोठी झिप फाइल उघडा.

विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्येही डोकवा. 'व्हीआ लॉगर' या नावाने १८ किंवा १९ क्रमांकाची नोंद दिसली, तर प्रोसेसरने हार्डवेअरमधली चूक कळवली आहे. १९ म्हणजे चूक दुरुस्त झाली, पण इशारा मिळाला. १८ म्हणजे दुरुस्त न होणारी चूक घडली. नुसता 'कर्नल पॉवर ४१' असेल तर पीसी अचानक बंद पडला एवढंच कळतं. वीज गेल्यावरही तीच नोंद होते. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'व्हीआ अनकरेक्टेबल एरर' अशी ब्लू स्क्रीन आली, तर पहिला संशय व्होल्टेजवर घ्या. यांपैकी काहीही दिसलं की ऑफसेट १० ते १५ मिलिव्होल्टने, किंवा कर्व्ह ऑप्टिमायझर ३ ते ५ अंकांनी मागे घ्या आणि चाचणी पुन्हा सुरू करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. व्होल्टेज, रॅम आणि वीजमर्यादा एकदम बदलल्या तर दोष कुणाचा हे शोधता येत नाही.

डिसेंबरात केलेली चाचणी मे महिन्याला लागू पडेलच असं नाही. तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागू शकतं. दुसरीकडे रायझन थंड असताना वेगाची आणखी वरची पायरी गाठतो, त्यामुळे थंडीतल्या सकाळी हलक्या भाराची परीक्षा कठीण होते. दोन्ही ऋतूंत एकदा तपासून घ्या.

वाढवावं लागलं तर?

मूळ सेटिंगवरच पीसी अडखळतो आणि व्होल्टेज वाढवल्यावर नीट चालतो, असं आढळलं तर ते वाढवून समाधान मानू नका. निरोगी चिप कंपनीच्या मूळ सेटिंगवर चाललीच पाहिजे. रॅम आणि पॉवर सप्लाय तपासा. ते ठीक असतील तर चिप हमीत बदलून मागा.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीने हे स्पष्टपणे दाखवून दिलं. या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गेम सुरू होताना बंद पडणं, फाइल उघडताना चूक येणं अशा तक्रारी वाढत गेल्या. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. जास्त व्होल्टेज आणि तापमान यांमुळे कोअरमधला घड्याळाचा भाग झिजत होता आणि स्थिर चालण्यासाठी त्याला आणखी व्होल्टेज लागत होतं, असं २०२४मध्ये इंटेलने सांगितलं. ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोकोडने, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अद्यतनाने, १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला लगाम घातला, तर सप्टेंबरमधल्या ०एक्स१२बी या आवृत्तीने हलक्या कामातल्या जादा मागणीवर उपाय केला. कंपनीने हमीही दोन वर्षांनी वाढवली. मात्र झिजलेली चिप कुठल्याही अद्यतनाने दुरुस्त होत नाही. तुमच्याकडे यांपैकी प्रोसेसर असेल तर नवं बायोस टाका, 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडा आणि मगच बाकीचा विचार करा.

दुसरं उदाहरण एप्रिल २०२३मधलं. रायझन ७०००च्या काही चिप, विशेषतः एक्स ३डी, सॉकेटमध्ये जळाल्याची छायाचित्रं बाहेर आली. तिथला मुद्दा कोअरचा नव्हता, एसओसी व्होल्टेजचा, म्हणजे चिपमधल्या रॅम-नियंत्रणासारख्या कोअरबाहेरच्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजचा होता. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल लावल्यावर काही बोर्ड ते फार वर नेत होते. त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घालायला लावली. एएम ५ सॉकेटच्या पीसीवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये हा आकडा जरूर तपासा. या दोन्ही प्रकरणांत अनेकांनी स्वतः व्होल्टेजला हातही लावलेला नव्हता. 'ऑटो'वर ठेवलं म्हणजे सुरक्षित, हा समज त्यांनी मोडीत काढला.

आणि हमीचंही लक्षात ठेवा. कंपनीच्या मर्यादेबाहेर वेग किंवा व्होल्टेज नेल्यामुळे झालेलं नुकसान हमीत बसत नाही, असं इंटेल आणि एएमडी दोघीही सांगतात. एएमडीचं प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हही ओव्हरक्लॉकिंगमध्येच गणलं जातं, मग तुम्ही त्यातून व्होल्टेज उतरवत असलात तरी.

अंतिम आकडा कसा ठरवावा?

सगळ्या चाचण्यांत टिकलेला सर्वांत खालचा आकडा हा अंतिम आकडा नव्हे. तिथून एक पायरी वर या : ऑफसेट असेल तर १० ते १५ मिलिव्होल्ट, कर्व्ह ऑप्टिमायझर असेल तर ३ ते ५ अंक. उणे ८० टिकलं असेल तर उणे ६५ ठेवा. चिप वर्षागणिक थोडी झिजणार आहे आणि मे महिना दरवर्षी येणार आहे. त्या दोन्हींसाठी हे राखीव आहे. शेवटच्या १५ मिलिव्होल्टने तापमान फार तर अंश-दोन अंशाने उतरतं. तेवढ्यासाठी लग्नाचा व्हिडिओ, प्रबंधाची फाइल किंवा दुकानाचे हिशेब पणाला लावू नयेत.

ठरलेल्या सेटिंग बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून साठवा, पडद्याचा फोटो काढा आणि वहीत तारखेसह लिहा. बायोस अद्ययावत केल्यावर बहुतेक वेळा सगळं मूळ जागी जातं. साठवलेलं जुनं प्रोफाइल नव्या आवृत्तीवर चालेलच असं नाही, म्हणून आकडे पुन्हा हाताने भरा आणि छोटी चाचणी पुन्हा घ्या. पुढे वर्ष-दोन वर्षांनी पीसी विनाकारण अडखळू लागला, तर विंडोज नव्याने टाकण्याआधी आणि दुकानात नेण्याआधी व्होल्टेज 'ऑटो'वर आणून आठवडाभर बघा. त्रास थांबला तर ऑफसेटची एक पायरी मागे घ्या आणि नवी नोंद करा. त्रास चालूच राहिला तर दोष दुसरीकडे आहे हे निश्चित कळेल, आणि दुरुस्तीला नेताना नेमकं काय तपासायचं तेही सांगता येईल.